शेरीचे कोपर: पीआरपीचा वाटा किती, वजनाचा किती

हे प्रकरण एका लॅब्रॅडॉर कुत्रीचे आहे. तिचे नाव बदलले आहे आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सांधेदुखीवर 'रिजनरेटिव्ह थेरपी', म्हणजे झिजलेले पुन्हा घडवणारे, म्हणून जे उपचार दिले जातात, त्यांतला एक, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स एकवटून सांध्यात देणे), तिला मिळाला. ती सुधारली. पण सुधारणेचे श्रेय नेमके कोणाला, हे ठरवताना आमच्या टीमची जी दमछाक झाली, तिच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

शेरी साडेसहा वर्षांची, नसबंदी झालेली, वजन ३८ किलो. डाव्या पुढच्या पायाने लंगडण्याची तक्रार वर्षभराची. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावले अवघडलेली, मग जरा मोकळी, आणि चेंडूमागे धावून आली की संध्याकाळी पाय टेकायला नकार. खोदून विचारल्यावर कळले की आठ महिन्यांची असतानाही खेळून आल्यावर ती लंगडायची. तेव्हा 'वाढीचे वय आहे, जाईल' असे सांगितले गेले होते आणि काही आठवड्यांत ते खरोखर गेलेही होते.

आमच्याकडे येण्याआधी तिला मेलॉक्सिकॅम हे दाहशामक वेदनाशामक सुरू झाले होते. गुण येत होता, पण दुसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि घरच्यांनी गोळ्या बंद केल्या, ते योग्यच होते. त्यानंतर ग्लुकोसामीन हे सांध्यांसाठीचे पूरक बरेच महिने चालले. त्याचा पुरावा कुत्र्यांमध्ये फारसा भक्कम नाही आणि शेरीलाही फरक पडला नव्हता.

घरच्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, "डॉक्टर, स्टेम सेलच्या इंजेक्शनने सांधा नवा होतो म्हणतात, ते करता येईल का?" म्हणजे निदानाच्या आधीच उपचार ठरून आला होता. हे हल्ली वरचेवर होते आणि त्यात घरच्यांचा दोष नाही. जाहिराती तशाच असतात.

तपासणीत काय दिसले

पुढच्या पायाने लंगडणारे कुत्रे दुखरा पाय टेकताना मान वर उचलते आणि चांगला पाय टेकताना मान खाली टाकते. शेरीची मान डाव्या पावलाला वर जात होती. उभी राहिली की डावा पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला. दोन्ही पंजे शेजारी ठेवून पाहिले तर उजवा पसरट झाला होता, डावा आवळलेला, त्याची नखे कमी झिजलेली. डाव्या खांद्याच्या फऱ्यावर हात फिरवला की मधली हाडाची धार बोटांना टोचत होती, इतके स्नायू बसले होते. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यातला एक पाय वाचवायचा म्हणजे दुसऱ्याने किती ओढायचे, ते त्या पसरट पंजात दिसत होते.

कोपर पूर्ण वाकत नव्हते. वाकवून पंजा बाहेर फिरवला की ती मान वळवून आमच्या हाताकडे बघायची. एक्स-रेमध्ये हाडाच्या कडांना नवे हाड फुटलेले, आणि कोपराच्या आतल्या बाजूचे कोरोनॉइड हे टोक धूसर. सीटी स्कॅनवर त्या टोकाची सुटलेली कपची स्पष्ट दिसली. थोडक्यात, एल्बो डिस्प्लेशिया. वाढीच्या वयात कोपराची हाडे एकमेकांशी नीट न जुळल्याने सुरू झालेला आजार, आणि त्यावर पुढे चढलेला संधिवात. कुत्र्यांचा संधिवात बहुतेक वेळा असाच, आधीच्या कुठल्या तरी बिघाडातून येतो. नुसत्या वयाने येणारा कमी.

खांदा आणि मनगटाचेही एक्स-रे काढले. मोठ्या जातीच्या कुत्र्यात पुढच्या पायाचे लंगडणे हाडाच्या कॅन्सरचेही असू शकते आणि तो कोपरापासून दूरच्या टोकांना जास्त आढळतो. तशा जागी पेशींची वाढ चेतवणारे काही टोचणे म्हणजे आगीत तेल. शेरीची हाडे त्या दृष्टीने स्वच्छ होती.

अडचण

खरी अडचण रक्ताच्या अहवालात निघाली. प्लेटलेट्स ९० हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दीड-पावणेदोन लाखांच्या वर असतात. यंत्र कधी कधी प्लेटलेट्सच्या गुठळ्या मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गुठळ्या नव्हत्या, आकडा खरा होता. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिचिया या जंतूची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली.

आता प्रश्न दोन झाले. एर्लिचियामुळेही सांधे सुजतात आणि कुत्रे लंगडते. मग शेरीचे लंगडणे कोपराचे की गोचीडतापाचे? यासाठी सांध्यातले पाणी काढले. ते घट्ट, तार सुटणारे होते, पेशी थोड्या आणि बहुतेक एककेंद्रकी. जंतूने चेतवलेल्या सांधेसुजीत न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली असती. म्हणजे मुख्य दुखणे कोपराचेच, गोचीडताप शेजारी बसलेला.

दुसरा प्रश्न उपचाराचा. पीआरपी, म्हणजे कुत्र्याच्या स्वतःच्या रक्तातून प्लेटलेट्स एकवटून सांध्यात देणे, यात प्लेटलेट्सची संख्या साधारण तीन ते पाच पट व्हावी अशी अपेक्षा असते. ९० हजारांची चौपट केली तरी साडेतीन लाखांच्या आसपास जाते. तेवढ्या तर धडधाकट कुत्र्याच्या साध्या रक्तातच असतात. त्या दिवशी पीआरपी केले असते, तर घरच्यांच्या पैशाने शेरीच्या कोपरात जवळजवळ साधे प्लाझ्मा गेले असते.

समोरचे पर्याय

वेदनाशामक. मेलॉक्सिकॅम सोसले नाही म्हणून त्या गटातले सगळेच बाद होत नाहीत. कार्प्रोफेन, रोबेनाकॉक्सिब, किंवा वेगळ्या वाटेने काम करणारे ग्रॅपिप्रँट, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करत देऊन पाहता आले असते. महिन्यातून एकदा टोचायचे बेडिनव्हेटमॅब हाही पर्याय होता. हे वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या एनजीएफ या प्रथिनाला अडवते. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने चालण्यातला तोल जाणे, झटके येणे अशा दुष्परिणामांच्या नोंदींबद्दल पशुवैद्यांना पत्र पाठवले आहे, त्यामुळे घरच्यांनी ते राखून ठेवायचे ठरवले.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून कपची काढणे. एक-दीड वर्षाच्या कुत्र्यात मी हा पर्याय सर्वांत आधी मांडला असता. साडेसहाव्या वर्षी, कूर्चा झिजून हाड वाढलेले असताना, कपची काढल्याने किती फरक पडेल याची खात्री आमच्या शल्यचिकित्सकांनी दिली नाही.

स्टेम सेल. इथे थोडे थांबतो, कारण घरच्यांचा जीव इथेच अडकला होता. चरबीतून मेसेनकायमल पेशी मिळतात, स्टेम सेल म्हणून टोचतात त्या याच. त्या त्याच दिवशी वेगळ्या करून मिश्र स्वरूपात देता येतात, किंवा प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवून. चरबी काढायला भूल लागते. युरोपीय संघात २०२२ मध्ये घोड्याच्या नाळेतल्या पेशींपासून बनवलेले, कुत्र्यांच्या संधिवातासाठीचे तयार औषधही मंजूर झाले. पण या पेशी सांध्यात जाऊन नवी कूर्चा बनतात हे चित्र बरोबर नाही. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात नाहीशा होतात. त्या जे रेणू सोडतात त्यांनी दाह शमतो, दुखणे कमी होते. 'मेसेनकायमल स्टेम सेल' हे नाव १९९१ मध्ये रूढ करणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच पुढे हे नाव बदलावे असा आग्रह धरला, तो याच कारणाने. कुत्र्यांच्या खुब्यावर आणि कोपरावर २००७-०८ पासून चाचण्या झाल्या आहेत. फायदा दिसतो. पण खुब्याचे रुग्ण फोर्स प्लेटवर, म्हणजे पाय जमिनीवर किती जोर देतो ते मोजणाऱ्या पाटीवर चालवून पाहिले, तेव्हा सर्वाधिक परिणाम पहिल्या तीन महिन्यांत दिसला आणि मग ओसरू लागला.

घरच्यांना हे सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. साहजिक आहे. कपची तशीच ठेवून सांध्यात काहीही टोचणे म्हणजे बुटात खडा ठेवून पायाला मलम लावणे, हेही सांगितले. मलमाने बरे वाटते. खडा तिथेच असतो.

उरले पीआरपी. भूल नको, गुंगी पुरते. रक्त तिचेच, खर्च स्टेम सेलच्या मानाने कमी, आणि जमले नाही तर पुढची कोणतीही वाट बंद होत नाही. हा शेवटचा मुद्दा आमच्यासाठी निर्णायक ठरला. फक्त आधी प्लेटलेट्स हव्या होत्या.

काय केले

डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, गोचिडांचा नियमित बंदोबस्त, आणि वजन. शेरीचा शरीरबांधा नऊपैकी आठवर होता, फासळ्या चाचपायला बोटे रुतवावी लागत. तिचे वजन ३० किलोच्या आसपास हवे होते. त्या वजनाची विश्रांतीतली ऊर्जागरज सुमारे ९०० किलोकॅलरी, आणि तिला दिवसाला मिळत होते त्याच्या जवळपास दुप्पट, कारण घरातला प्रत्येक जण 'मी थोडेसेच देतो' या गटातला. मापाच्या कपाऐवजी स्वयंपाकघरातला काटा वापरायला लावला. दिवसाचा सगळा कोरडा खाऊ सकाळी एकाच डब्यात मोजून ठेवायचा, कोणी काही द्यायचे ते त्यातूनच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. ओमेगा-३ चे तेल सुरू केले. चेंडू बंद.

मोजमाप म्हणून लिव्हरपूल विद्यापीठातली 'लोड' प्रश्नावली घेतली. तेरा प्रश्न, एकूण ५२ गुण, जितके जास्त तितका त्रास. शेरीचे २४ आले, म्हणजे तीव्र गटात. सोबत दर भेटीला त्याच ठिकाणी, त्याच वेगाने चालतानाचा व्हिडिओ. हे जादा काम वाटते, पण २०१२ च्या एका अभ्यासाने आमच्या व्यवसायाला चांगलाच आरसा दाखवला आहे. औषधच नसलेली गोळी घेणाऱ्या लंगड्या कुत्र्यांमध्ये फोर्स प्लेटवर काही फरक नसताना मालकांना तर सुधारणा दिसलीच, पशुवैद्यांनाही दिसली.

सहा आठवड्यांनी प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर गेल्या. वजन ३५.४ किलो. आणि 'लोड' १८. पीआरपीचा एक थेंबही न देता सहा गुण कमी! वजन सहा टक्क्यांच्या पुढे उतरले की लठ्ठ कुत्र्यांचे लंगडणे मोजण्याइतके कमी होते, हे माहीत असूनही डोळ्यांसमोर घडताना पाहणे वेगळे. डॉक्सिसायक्लिनचाही हात असेल, त्याला दाह कमी करण्याचा थोडा गुण आहे.

इथे पहिला मोठा निर्णय होता. घरच्यांना पीआरपी लगेच हवे होते, प्लेटलेट्स तर आल्या होत्या. आमच्यातल्या एकाचे मत होते की उतार सुरू आहे तोवर मध्ये काही घालू नये. ते मानले. महिनाभराने वजन ३४, 'लोड' १७, व्हिडिओत फरक नाही. उतार थबकला हे दिसल्यावरच पुढे गेलो.

पीआरपीच्या दिवशी मानेच्या शिरेतून रक्त घेतले, दोनदा सेंट्रिफ्यूज केले, म्हणजे वेगाने फिरवून त्यातले घटक वेगळे केले, पांढऱ्या पेशी शक्य तितक्या बाजूला ठेवल्या. कोपरावरचे केस काढून शस्त्रक्रियेसारखी स्वच्छता केली, आधी सांध्यातले साचलेले पाणी ओढले आणि मग त्याच सुईने पीआरपी आत सोडले. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर दोन आठवडे दाहशामक गोळ्या टाळायच्या, अशी प्रथा आहे. वेदनेसाठी गॅबापेंटिन दिले.

दुसऱ्या रात्री फोन आला. शेरी पाय अजिबात टेकत नव्हती. इंजेक्शननंतर एक ते तीन दिवस सांधा चिडणे अपेक्षित असते, पण सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. सकाळी पाहिले. ताप ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे कुत्र्यासाठी नेहमीचाच. खाणे चालू, कोपर फुगलेले पण तापलेले नाही. पुन्हा सुई घालून पाणी तपासायचे की थांबायचे? थांबलो, बर्फाचा शेक दिला, आणि अट लिहून दिली: चोवीस तासांत दुखणे वाढले, ताप आला किंवा खाणे सुटले तर थेट सांध्यातले पाणी तपासणे. घरात उरलेल्या मेलॉक्सिकॅमच्या गोळ्या द्यायचा मोह घरच्यांना झाला होता, तो आवरायला सांगितले, उलट्यांचा इतिहास पाहता तर नक्कीच. तरीही माझे मत नोंदवतो: वेदना असह्य असती तर मी दुसरे दाहशामक दिले असते. पीआरपीचा परिणाम घटेल या शंकेपायी कुत्र्याला कण्हत ठेवणे मला पटत नाही. ती वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी पंजा जमिनीला लागला.

दोन आठवडे फक्त पट्ट्यावर चालणे, मग हळूहळू वाढ. चार आठवड्यांनी दुसरे इंजेक्शन दिले, या वेळी सांधा फारसा चिडला नाही. पाण्याखालच्या ट्रेडमिलवरचे व्यायामही याच काळात सुरू झाले, कारण फिजिओथेरपिस्टकडे जागा तेव्हाच मिळाली.

काय निष्पन्न झाले

पहिल्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी 'लोड' १०, वजन ३२. मान उचलणे दुडक्या चालीतच, तेही शोधले तर दिसायचे. घरचे खूश. "इंजेक्शनाने कमाल केली" हे त्यांचे वाक्य.

कमाल कोणाची? १७ वरून १० पर्यंतच्या उतारात दोन किलो वजनही गेले होते आणि पाण्यातल्या व्यायामाने खांद्यावर स्नायू परत धरू लागले होते. तिन्ही एकाच वेळी. या प्रश्नाचे थोडेफार उत्तर पुढे अनायासे मिळाले. सातव्या महिन्यात वजन ३२ वरच होते, व्यायाम चालूच होता, तेल चालू होते, आणि 'लोड' १४ वर चढला. बाकी सगळे जागच्या जागी असताना जे चार गुण परत गेले, तेवढा पीआरपीचा वाटा असावा असे मी धरतो. 'लोड'मध्ये चार गुणांच्या फरकाला अर्थपूर्ण मानतात, म्हणजे वाटा अगदीच क्षुल्लक नाही. पण २४ वरून १० पर्यंतच्या चौदा गुणांतले चारच. संधिवात स्वतःहूनही कमीजास्त होतो, तेव्हा हाही अंदाजच.

म्हणून तिसरे इंजेक्शन देताना मुद्दाम दुसरे काहीच बदलले नाही. सहा आठवड्यांनी 'लोड' ११. मग सगळे व्हिडिओ तारखा झाकून, क्रम उलटसुलट करून एका सहकाऱ्याला दिले. पहिल्या इंजेक्शनाच्या आधीचा आणि तीन महिन्यांनंतरचा त्याने बिनचूक ओळखला. तिसऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा मात्र त्याला वेगळा करता आला नाही. घरच्यांना फरक जाणवत होता. दोघांपैकी कोणालाही मी खोटे ठरवणार नाही, कारण शेरी घरात जिना कशी चढते हे आमच्या व्हिडिओत येत नाही.

वर्षाने काढलेल्या एक्स-रेत नवे हाड किंचित वाढलेले होते. घरच्यांनी विचारले, "मग फायदा काय झाला?" दुखणे कमी झाले, आजार थांबला नाही, हे दोन्ही एकत्र खरे आहे, आणि शेरीला एक्स-रे दुखत नाही, पाय दुखतो, असे उत्तर दिले. स्टेम सेलचा विचार त्यांनी आपणहून बाजूला ठेवला. सध्या ती कमी अंतराच्या दोन फेऱ्या मारते, वाईट दिवसांसाठी ग्रॅपिप्रँट घरात आहे, आणि पुढचे पीआरपी ठरलेल्या तारखेला न देता 'लोड' सलग दोनदा चढला तरच द्यायचे ठरले आहे.

वेगळे काय करता आले असते

पाण्यातला व्यायाम इंजेक्शनाच्या एक महिना आधी किंवा दोन महिने नंतर सुरू व्हायला हवा होता. जागा मिळाली म्हणून घेतली हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे सर्वांत महत्त्वाच्या तीन महिन्यांची नोंद गढूळ झाली. तयार पीआरपीमधल्या प्लेटलेट्स पहिल्या वेळी मोजल्या नाहीत, दुसऱ्यापासून मोजल्या. ज्या रुग्णात नेमकी हीच संख्या अडचणीची होती, तिथे ती पहिल्याच बाटलीत मोजायला हवी होती. फोर्स प्लेट जवळपास नसली तरी चार वेगळ्या वजनकाट्यांवर चारही पाय ठेवून उभे करणे कोणालाही जमते. तेही पहिल्या दिवसापासून करण्याजोगे होते.

खर्चाबद्दल घरच्यांशी बोलणे उशिरा झाले. तीन महिन्यांनी ओसरू शकणाऱ्या उपचाराची किंमत वर्षाच्या हिशोबात सांगायला हवी. एका इंजेक्शनाच्या हिशोबात ती नेहमीच परवडणारी वाटते.

आणि सर्वांत मोठी संधी आमच्या कोणाच्याही हातात नव्हती. आठ महिन्यांच्या लॅब्रॅडॉरने खेळून आल्यावर पुन्हा पुन्हा लंगडणे ही एल्बो डिस्प्लेशियाची नेहमीची ओळख आहे. त्या वयात दोन्ही कोपरांचे एक्स-रे, शंका उरल्यास सीटी स्कॅन, आणि वजन पहिल्यापासून आटोक्यात. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २५ टक्के कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे होते, पोटभर खाणाऱ्यांचे ११.२, आणि संधिवाताच्या उपचाराची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा पडली. शेरीच्या घरी आता नवे पिल्लू आले आहे, त्याच जातीचे. त्याच्या कोपरांचे एक्स-रे कधी काढायचे, हे विचारायला घरचे या वेळी लंगडण्याची वाट न पाहता आले.